शंभर पौंड आणि दोन सायकली

एप्रिल १९५९. इंग्लंडमधील हार्वर्थ या कोळसाखाणीच्या गावातून एकवीस वर्षांचा एक तरुण फ्रान्सला जाण्यासाठी निघाला. जवळ साठवलेले १०० पौंड होते आणि कार्लटन कंपनीने दिलेल्या दोन सायकली होत्या. एक रस्त्यावरच्या शर्यतीची, दुसरी ट्रॅकवरची. तो गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी सक्तीच्या लष्करी सेवेचे बोलावणे टपालाने घरी येऊन थडकले. आईने ते कागद परत पाठवून दिले. मुलगा तोवर समुद्रापलीकडे पोहोचला होता.

हा मुलगा म्हणजे टॉम सिम्प्सन. पुढे सहा वर्षांनी तो व्यावसायिक सायकलपटूंचा जगज्जेता झाला आणि आठ वर्षांनी एका फ्रेंच डोंगराच्या रस्त्यावर कोसळून मरण पावला. सिम्प्सनचे नाव निघाले की त्या डोंगराचीच आठवण काढली जाते. फ्रान्समधला त्याचा पहिला उन्हाळा मात्र चरित्रांतून दोन-चार वाक्यांत उरकला जातो. वास्तविक सिम्प्सन घडला तो त्या अडीच महिन्यांत.

त्याचा जन्म ३० नोव्हेंबर १९३७ रोजी डरहॅम परगण्यातील हॅस्वेल येथे झाला. वडील खाणकामगार, सहा भावंडांत हा धाकटा. १९५० मध्ये हे कुटुंब नॉटिंगहॅमशायरमधील हार्वर्थला आले. शाळकरी टॉम सायकलवरून घरोघरी किराणा पोहोचवीत असे आणि त्याच ओळखीतून एका गिऱ्हाईकाशी अदलाबदल करून त्याने बरी सायकल मिळवली. गावच्या क्लबच्या शर्यतींत सुरुवातीला तो मागेच पडे. फाउस्तो कॉप्पी हा इटालियन विजेता त्या काळी साऱ्या युरोपचे दैवत होता. अंगाने काडी असलेल्या या पोराची चेष्टा करण्यासाठी क्लबमधील मंडळींनी त्याला कॉप्पीचेच नाव चिकटवले. रेटफर्डच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समनचे काम शिकताना जाण्यायेण्याचा दहा मैलांचा रस्ता हाच त्याचा सराव होता. जाणकारांना पत्रे लिहून सल्ला मागण्याचा संकोच त्याला कधी वाटला नाही.

मात्र ब्रिटनमध्ये राहून रस्त्यावरच्या शर्यतीत मोठे होणे त्या काळी जवळजवळ अशक्य होते. सर्वांनी एकत्र सुटून सार्वजनिक रस्त्यावर शर्यत करण्यास तेथील जुन्या संघटनेचा कित्येक दशके विरोध होता. पोलिसांची नजर आणि लोकांचा रोष टाळण्यासाठी स्पर्धक भल्या पहाटे एकेकटे सुटत आणि घड्याळाशीच झुंजत. १९४२ मध्ये काही बंडखोरांनी वेगळी संघटना काढून ही कोंडी फोडली, परंतु दोन संघटनांमधले भांडण पुढे सतरा वर्षे चालले. फ्रान्स, बेल्जियम आणि इटलीत याच काळात सायकल शर्यत हा लोकांचा सण होऊन बसला होता. शंभर-दीडशे सायकलींच्या जथ्यात खांद्याला खांदा लावून कसे चालवायचे, वाऱ्यापासून कोणाच्या आडोशाने बचाव करायचा, नेमके केव्हा निसटायचे, हे शिकायचे तर तिकडेच जायला हवे होते.

ट्रॅकवर सिम्प्सनने लवकर नाव मिळवले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये सांघिक पाठलाग शर्यतीत ब्रिटनला कांस्यपदक मिळाले तेव्हा तो संघात होता. उपांत्य फेरीत इटलीकडून झालेल्या पराभवाचा दोष मात्र तो स्वतःलाच देत राहिला. आपल्या पाळीत गरजेपेक्षा अधिक जोर लावल्याने आपण पुढे उरलोच नाही, असे त्याचे मत होते. १९५८ च्या कार्डिफ राष्ट्रकुल स्पर्धेत नॉर्मन शीलने त्याला सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाने हरवले. हौशी खेळाडूच्या पदकांवर पोट भरत नाही, ही गोष्ट या दोन स्पर्धांनंतर त्याला कळून चुकली असावी.

फ्रान्सच्या वायव्येकडील ब्रिटनी प्रांतात सें-ब्रिओ नावाचे किनाऱ्यावरचे शहर आहे. तेथील एका ओळखीच्या कुटुंबात सिम्प्सन राहू लागला आणि स्थानिक क्लबकडून शर्यतीत उतरू लागला. त्याच्याकडे परवाना होता तो ‘स्वतंत्र’ वर्गाचा, म्हणजे हौशी आणि व्यावसायिक यांच्या मधला. अशा खेळाडूला बक्षिसाची रक्कम घेता येई. पगार मात्र कोणाचा नसे. ब्रिटनीचा मुलूख सायकलवेडा. उन्हाळ्यात गावोगावच्या जत्रा-उत्सवांत शर्यती लागत आणि गावातल्याच रस्त्यांना फेऱ्या मारण्याचा त्यांचा प्रकार ‘क्रायटेरियम’ या नावाने ओळखला जाई. अंतिम विजेत्याला बक्षीस असेच, शिवाय मधल्या ठरावीक फेऱ्यांनाही छोटी इनामे असत. परगावच्या पोराला कोणी वाट करून देत नसे. स्थानिक खेळाडू आपापसांत संगनमत करीत, आणि एकट्याने आलेल्याला ते आधी ओळखावे लागे व मग मोडावे लागे.

खिशातले शंभर पौंड किती दिवस पुरणार होते? जिंकलो तर पुढच्या महिन्याची सोय, नाहीतर हार्वर्थला परत आणि थेट लष्कराच्या छावणीत, असा हा रोकडा हिशेब होता. त्या हिशेबातून सिम्प्सनची शैली तयार झाली. जथ्यात दडून शेवटच्या धावेची वाट पाहत बसणे त्याला परवडणारे नव्हते, कारण तेथे स्थानिकांचे संख्याबळ चाले. एकट्याने निसटून जावे आणि श्वास फुटेस्तोवर पुढे राहावे, हा त्याचा मार्ग. तो जिंकू लागला. सें-ब्रिओमध्येच त्याला हेलन शेरबर्न ही एका घरी मुले सांभाळण्यासाठी आलेली इंग्रज तरुणी भेटली. १९६१ च्या जानेवारीत दोघांचे लग्न झाले.

‘रूट द फ्रान्स’ या आठ दिवसांच्या टप्प्याटप्प्यांच्या शर्यतीत सें-राफाएल या व्यावसायिक संघाशी जोडलेल्या हौशी क्लबने त्याला खेळवले. अखेरच्या टप्प्यात तो जथ्यातून एकटा सुटला आणि शेवटपर्यंत हाती लागला नाही. लगोलग त्याला त्याच वर्षीच्या टूर द फ्रान्समध्ये उतरण्याचा प्रस्ताव आला, आणि या मुलाने तो नाकारला. तीन आठवड्यांची ती शर्यत आपल्याला इतक्यात झेपणार नाही, हे कळण्याइतके भान त्याच्यापाशी तेव्हा होते. पुढच्या कथेत हीच गोष्ट मनाला चुटपुट लावते.

२९ जून १९५९ रोजी त्याने सें-राफाएल संघाशी दरमहा ८० हजार जुन्या फ्रँकचा करार केला. ब्रिटनचा ब्रायन रॉबिन्सन याच संघात होता. ऑगस्टमध्ये हॉलंडमधील झांडवूर्टच्या जागतिक स्पर्धेत सिम्प्सन चौथा आला. तोपर्यंत त्या शर्यतीत कोणाही ब्रिटिश व्यावसायिकाची मजल इथवर गेली नव्हती. नाताळला तो घरी आला तेव्हा वृत्तपत्रांनी त्याला लष्करी सेवा चुकवणारा ठरवले होते. त्याने वैद्यकीय तपासणी दिली, ती पार पडली, आणि बोलावण्याचे कागद पुन्हा तो फ्रान्सला रवाना झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आले! टपालाचा हा योगायोग दोनदा घडल्यावर त्याची बाजू ऐकायला कोण तयार होणार? पुन्हा टीका झाली.

त्यानंतरची यशाची यादी मोठी आहे. १९६१ मध्ये टूर ऑफ फ्लँडर्स, १९६२ मध्ये एका दिवसापुरती का होईना पण ब्रिटिश खेळाडूच्या अंगावर प्रथमच चढलेली टूरची पिवळी जर्सी, १९६३ मध्ये बोर्डो-पॅरिस, १९६४ मध्ये मिलान-सान रेमो. सप्टेंबर १९६५ मध्ये स्पेनमधील सान सेबास्टियनला जर्मनीच्या रूडी आल्टिगला मागे टाकून तो जगज्जेता झाला. बेल्जियममधील घेंट येथे त्याने घर केले होते. ज्या देशाच्या वृत्तपत्रांनी त्याला झोडपले होते, त्याच देशाने त्या वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट क्रीडापटूचा मान दिला.

रोजीचा हिशेब मात्र सुटला नाही, आकडे तेवढे वाढले. टूरमध्ये वरचा क्रमांक लागला की नंतरच्या क्रायटेरियममध्ये हजेरीचे मानधन वाढत असे. १९६६ च्या सुरुवातीला बर्फावर घसरून सिम्प्सनचा पाय मोडला आणि ते वर्ष जवळजवळ फुकट गेले. तिशी जवळ येत होती. १९६७ च्या टूरमध्ये काहीतरी करून दाखवायचेच या ईर्षेने तो उतरला. आल्प्समध्ये पोट बिघडले, अन्न ठरेना, तरी त्याने शर्यत सोडली नाही.

१३ जुलै १९६७ चा मार्सेय ते कार्पाँत्रा हा टप्पा माँ व्हाँतूवरून जाणारा होता. या डोंगराच्या माथ्याकडे झाड नाही, नुसता पांढुरका दगड. उन्हाचा कहर होता, आणि शर्यतीत फार पाणी पिऊ नये अशी त्या काळची चुकीची समजूत होती. माथा दृष्टिपथात असताना सिम्प्सन नागमोडी जाऊ लागला आणि पडला. त्याला पुन्हा सायकलवर बसवण्यात आले. थोड्या अंतरावर तो पुन्हा कोसळला तो कायमचा. मृत्यू जाहीर झाला तेव्हा त्याचे वय २९ होते. जर्सीच्या खिशात अँफेटामिनच्या नळ्या सापडल्या, आणि शवचिकित्सेत ते उत्तेजक व मद्याचा अंशही आढळला. त्याच्या तोंडी घातली जाणारी प्रसिद्ध अखेरची वाक्येदेखील त्याची नव्हेत. घटनास्थळी नसलेल्या एका पत्रकाराने ती रचली होती.

उत्तेजके त्या काळी जथ्यात सर्रास चालत, यात शंका नाही. त्यामुळे सिम्प्सनचा दोष पुसला जात नाही, पण तो एकट्याचा होता असेही म्हणता येत नाही. १९६८ च्या टूरपासून तपासण्या नियमितपणे सुरू झाल्या.

त्याने पाडलेल्या वाटेने मात्र इंग्रजी बोलणारी मुले फ्रान्सला जात राहिली. पॅरिसजवळच्या बूलोन-बियाँकूर येथील हौशी क्लबकडून ऑस्ट्रेलियाचा फिल अँडरसन आणि आयर्लंडचा स्टीफन रोश पुढे आले. रोशने १९८७ ची टूर जिंकली. ब्रिटिश खेळाडूच्या टूर विजयासाठी २०१२ साल उजाडावे लागले. तो जिंकणारा ब्रॅडली विगिन्स २००९ मध्ये माँ व्हाँतू चढला, तेव्हा त्याच्या सायकलच्या नळीवर सिम्प्सनचे छायाचित्र चिकटवलेले होते.

सिम्प्सन जेथे पडला, तेथे माथ्यापासून सुमारे एक किलोमीटरवर त्याचे स्मारक आहे. चढून आलेले हौशी सायकलस्वार तेथे थांबतात आणि आपली टोपी किंवा पाण्याची बाटली ठेवून पुढे जातात.