रुडॉल्फ डीझेल

विद्यार्थिमित्रहो, डीझेल हा शब्द ज्याने ऐकला नाही असा मुलगा खानदेशात शोधूनही सापडणार नाही. गिरणा, पांझरा आणि तापी ह्या नद्यांच्या काठी असलेल्या मळ्यांत मोटेची कुरकुर थांबून विहिरीवर एंजिनाचा ठोका ऐकू येऊ लागला, तेव्हा त्या एंजिनाबरोबरच हा शब्दही आपल्या घरी आला. पुढे विजेचे पंप आले. तथापि धुळ्यावरून जाणाऱ्या मुंबई-आग्रा महामार्गावरील अवजड मालमोटारी अद्यापि ह्याच तेलावर धावतात. परंतु डीझेल हे मुळात तेलाचे नाव नसून एका मनुष्याचे नाव आहे, हे फार थोड्यांस ठाऊक असते. त्या मनुष्याचे चरित्र आपल्या वाचकांपुढे थोडक्यात ठेवावे, असा ह्या लेखाचा हेतू आहे.

रुडॉल्फ डीझेल ह्याचा जन्म 18 मार्च 1858 रोजी पॅरिस शहरी झाला. आईबाप मूळचे जर्मनीतील बव्हेरिया प्रांताचे. बाप चामड्याच्या वस्तू करून विकीत असे, आणि मिळकत बेताचीच होती. 1870 साली फ्रान्स व जर्मनी ह्यांच्यामध्ये युद्ध पेटले, आणि जर्मन कुटुंबांस पॅरिस सोडावे लागले. डीझेल कुटुंब इंग्लंडात लंडनला गेले. तेथे सर्वांचा निर्वाह होणे कठीण, म्हणून बारा वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीतील आउग्सबुर्ग गावी नातलगांकडे एकट्यानेच पाठविण्यात आले. ज्यांच्या घरी तो राहिला ते गृहस्थ गणिताचे शिक्षक होते. त्यांच्या छायेखाली मुलाची बुद्धी फुलली, आणि आपण यंत्रशास्त्रज्ञ व्हावयाचे असा निश्चय त्याने चौदाव्या वर्षीच करून आईबापांस तसे कळविले.

आउग्सबुर्गच्या शाळेत एक साधे उपकरण होते, असे सांगतात. काचेची नळी, तिच्यात घट्ट बसणारा दट्ट्या, आणि तळाशी थोडासा कापूस. दट्ट्या एकदम जोराने खाली दाबला की आतील हवा आवळून इतकी तापते, की कापूस पेट घेतो. काडी नको, ठिणगी नको. ज्याने सायकलीच्या चाकात हवा भरली आहे आणि मग पंपाच्या बुडाला हात लावून पाहिला आहे, त्याला हे गुपित अर्धे समजलेच आहे. हवा दाबली की ती तापते. हजारो मुलांनी असला प्रयोग पाहिला असेल, पण एकाच्या मनात तो घर करून राहिला.

पुढे शिष्यवृत्ती मिळवून रुडॉल्फ म्युनिक येथील तंत्रविद्यालयात गेला. ऐन परीक्षेच्या वेळी त्याला विषमज्वराने गाठले आणि परीक्षा चुकली. परंतु त्याने धीर सोडला नाही. मधल्या काळात स्वित्झर्लंडमधील एका कारखान्यात हाताने काम शिकून, 1880 साली तो उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला. बर्फ तयार करण्याच्या यंत्रांचे प्रख्यात संशोधक कार्ल फॉन लिंडे हे त्याचे गुरू. वाफेच्या एंजिनात जाळलेल्या कोळशाच्या उष्णतेपैकी शेकडा दहा भागही कामी येत नाहीत, बाकीची सारी वाया जाते, हे लिंडे ह्यांच्या व्याख्यानात त्याने ऐकले. ही उधळपट्टी थांबविणारे एंजिन आपण करावयाचे, हा ध्यास त्याच दिवसापासून त्याला लागला. पुढे दहा-बारा वर्षे त्याने लिंडे ह्यांच्या बर्फयंत्रांच्या धंद्यात नोकरी केली, विवाह केला, तीन अपत्ये झाली. पण तो ध्यास काही सुटला नाही.

आता येथे थोडे थांबून एंजिनातील एक मर्म समजून घेतले पाहिजे, कारण डीझेल ह्यांचे सारे आयुष्य त्याच मर्माभोवती फिरले. नळकांड्यात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, तळाशी असता जेवढी जागा असते, तिला दट्ट्या वर गेल्यानंतर उरणाऱ्या जागेने भागावे. जो अंक येईल तो दाबाचे प्रमाण होय. आठशे घनसेंटिमीटर हवा शंभरात आवळली, तर प्रमाण 8. हे प्रमाण जितके मोठे, तितके त्याच इंधनातून काम अधिक निघते. निकोलाउस ऑटो ह्यांनी 1876 साली चालविलेल्या एंजिनात हे प्रमाण तिहींच्याही आत होते. मग ते पाहिजे तितके का वाढवू नये? अडचण अशी, की त्या जातीच्या एंजिनात हवा आणि इंधन आधीच मिसळलेली असतात. मिश्रण फार दाबले तर ठिणगीची वाट न पाहता ते आपणच भडकते, आत हातोडा मारल्यासारखा ठोका बसतो, आणि कालांतराने पिस्टन फुटतो किंवा वितळतो.

डीझेल ह्यांची कल्पना ह्या अडचणीलाच पायरी करणारी होती. नळकांड्यात केवळ हवाच घ्यावी. ती इतकी दाबावी की आपोआप लाल तापावी. आणि मग अखेरच्या क्षणी तीत इंधन सोडावे. ठिणगीची गरज नाही, आणि अवेळी पेटण्याचे भयही नाही. ह्या कल्पनेची सनद त्यांना 1893 साली मिळाली, आणि त्याच वर्षी त्यांनी तिजवर एक ग्रंथही प्रसिद्ध केला.

परंतु ग्रंथात त्यांनी जो दाब धरला होता, तो वातावरणाच्या दाबाच्या अडीचशे पट! कागदावर हा हिशेब शोभिवंत दिसत होता. प्रत्यक्षात तेवढा दाब सोसणारे नळकांडे त्या काळी कोणी ओतावे, आणि एवढी हवा दाबण्यात एंजिनाची स्वतःची शक्ती किती खर्ची पडावी? जाणत्या लोकांनी शंका काढल्या. येथे डीझेल ह्यांची खरी परीक्षा झाली. स्वतःच छापून प्रसिद्ध केलेला आकडा खोडणे मानी मनुष्यास सोपे नसते. डीझेल ह्यांनी तो खोडला. त्यांनी पुन्हा हिशेब केला, दाब उतरविला, पुन्हा उतरविला, आणि अखेर तिसाच्या आसपास आणून ठेविला. तेव्हाच आउग्सबुर्गचा यंत्रकारखाना आणि एसेनची क्रुप कंपनी ह्यांच्या पाठबळाने काम उभे राहू शकले.

10 ऑगस्ट 1893 रोजी पहिल्या एंजिनात इंधन सोडण्यात आले. आत असा स्फोट झाला, की दाब मोजणारे उपकरण फुटून त्याचे तुकडे उडाले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. दुसरा कोणी असता तर खचून गेला असता. डीझेल ह्यांना मात्र त्यात जय दिसला, कारण दाबलेली हवा इंधन पेटविते हे सिद्ध झाले होते. यंत्र पुन्हा उघडले, पुन्हा जोडले. 17 फेब्रुवारी 1894 रोजी ते बाहेरच्या शक्तीवाचून अवघे एक मिनिट चालले. यंत्र आता पट्ट्याने ओढले जात नसून पट्ट्यालाच ओढीत आहे, हे प्रथम एका कारागिराच्या ध्यानात आले, आणि त्याने मुकाट्याने डोक्यावरील टोपी उतरून मान दिला, असे सांगतात.

त्या एका मिनिटापासून विश्वासपात्र एंजिनापर्यंत आणखी तीन वर्षे लागली. 17 फेब्रुवारी 1897 रोजी म्युनिकचे प्राध्यापक मोरिट्स श्रोटर ह्यांनी रीतसर परीक्षा घेतली. इंधनाच्या उष्णतेपैकी शेकडा 26.2 भाग कामी लागले! त्या काळच्या इतर कोणत्याही एंजिनाला हे साधले नव्हते. ते एंजिन म्युनिकच्या जर्मन संग्रहालयात पाहावयास मिळते.

अडीचशेपासून तिसापर्यंतची ही उतरण म्हणजे पराभव नव्हे, हे नीट ध्यानात घ्यावे. ठिणगीच्या एंजिनाचाच कागदी हिशेब पाहू. दाबाचे प्रमाण 4 असता उष्णतेपैकी सुमारे शेकडा 43 भाग काम होऊ शकते. प्रमाण 8 केले तर 56, आणि 16 केले तर 67. म्हणजे प्रत्येक दुपटीस लाभ कमी होत जातो, परंतु यंत्रावरील ताण मात्र वाढतच जातो. प्रत्यक्ष एंजिनात तर हे अंक ह्याहून पुष्कळच खाली असतात. म्हणून कोणते प्रमाण सर्वांत मोठे, हा प्रश्न विचारावयाचा नसतो. ह्या इंधनाला, ह्या धातूला आणि ह्या कामाला कोणते प्रमाण मानवेल, हा विचारावयाचा असतो.

हा प्रश्न आजच्या हौशी मोटारकारागिरालाही सुटलेला नाही. दातांचे वैद्य रोग्यास हुंगवितात तो नायट्रस ऑक्साइड वायू, ज्याला हसविणारा वायू म्हणतात, त्याच्या शंभर भाग वजनात सुमारे 36 भाग प्राणवायू असतो. हवेत तो सुमारे 23 भागच असतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांच्या एंजिनांत हा वायू सोडून, विरळ हवेच्या उंचीवर त्यांची शक्ती वाढवीत असत. आता काही लोक रस्त्यावरच्या मोटारीच्या पेट्रोल एंजिनातही तो सोडतात. प्राणवायू वाढला की पेट्रोलही अधिक जाळता येते, आणि नळकांड्यातील दाब एकाएकी चढतो. अशा वेळी पिस्टनने आधीच मिश्रण काठोकाठ आवळून ठेविले असेल, तर तो अवेळी ठोका बसलाच म्हणून समजावे. यास्तव शहाणा कारागीर पिस्टन निवडतानाच विचार करतो. पिस्टनचा माथा खोलगट असला की दाबाचे प्रमाण उतरते, फुगीर असला की चढते. पंपावर मिळणारे पेट्रोल किती सोसते आणि वायू किती सोडावयाचा हे पाहून, तो प्रमाण मुद्दाम बेताचे ठेवतो. नित्याच्या चालीत थोडे बळ कमी पडले तरी चालेल, पण ऐन वेळी यंत्र शाबूत राहिले पाहिजे, हा त्यातील विवेक. डीझेल ह्यांनी आकडा उतरविला तोही अशाच विवेकाने.

आपल्या प्रांताला जवळची वाटेल अशी एक हकिगत येथे सांगितली पाहिजे. 1900 साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात डीझेल ह्यांच्या शोधाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तेथे एक लहानसे डीझेल एंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले. फ्रेंच सरकारची तशी इच्छा होती. आफ्रिकेतील वसाहतींत भुईमूग मुबलक, मग तेथील यंत्रे तेथल्याच पिकावर चालावीत, हा त्यातील विचार. एंजिन इतके बिनबोभाट चालले, की तेल वेगळे आहे हे फार थोड्या प्रेक्षकांच्या ध्यानात आले. शेतात पिकणारे तेल पुढे महत्त्व पावेल, असे डीझेल ह्यांनीही नंतर बोलून दाखविले होते. आपल्या घाण्यावर निघणारे तेल पाहताना ही गोष्ट आठवावी.

येथपर्यंतचे चरित्र यशाचे आहे. पुढचे मन विषण्ण करणारे आहे. 1897 नंतर देशोदेशींच्या कारखानदारांनी एंजिनाचे हक्क भराभर विकत घेतले, आणि डीझेल अल्पावधीत कोट्यधीशांच्या पंक्तीस जाऊन बसले. परंतु एंजिन अद्याप पुरते पिकले नव्हते. ग्राहकांकडे गेलेली पहिली यंत्रे बिघडून परत येऊ लागली. प्रतिस्पर्ध्यांनी कज्जे मांडले. श्रमाने व चिंतेने प्रकृती ढासळून त्यांना काही काळ आरोग्यभवनात राहावे लागले. म्युनिकमध्ये त्यांनी राजवाड्यासारखे घर बांधले. जमिनींच्या व तेलविहिरींच्या व्यवहारांत पैसा घातला आणि तो बुडाला. कामगारांनी परस्परसाहाय्याने कारखाने चालवावेत, अशा विचाराचा एक ग्रंथही त्यांनी 1903 साली लिहिला, पण त्याला वाचक मिळाले नाहीत. कारखान्यात आपला आकडा खोडण्याचे धैर्य ज्यांनी दाखविले, त्यांना घरच्या जमाखर्चात ते साधले नाही. कर्ज वाढत गेले, आणि ते त्यांनी घरच्या माणसांपासूनही लपवून ठेविले.

29 सप्टेंबर 1913 रोजी सायंकाळी ते बेल्जममधील अँटवर्प बंदरातून 'ड्रेस्डेन' बोटीने इंग्लंडला निघाले. सोबत्यांबरोबर जेवण झाले, आणि सकाळी लवकर उठवावे अशी सूचना देऊन ते आपल्या खोलीत गेले. सकाळी पाहतात तो बिछाना जसाच्या तसा. टोपी आणि अंगरखा मात्र डेकवर सापडला. काही दिवसांनी एका डच बोटीच्या खलाशांना समुद्रात एक देह दिसला. त्याच्या खिशातील वस्तू त्यांच्या धाकट्या मुलाने ओळखल्या. डीझेल ह्यांचे वय त्या वेळी अवघे 55 होते. हा अपघात होता की आणखी काही, ह्याचा निर्णय कोणालाही करता आलेला नाही. आणि दुःखी मनुष्याच्या अंतःकरणाचा निवाडा आपण करू नये, हेच बरे.

त्यांच्यामागे त्यांचे एंजिन मात्र वाढत गेले. 1912 सालीच त्यावर चालणारी 'सेलांडिया' ही मोठी आगबोट महासागर ओलांडून गेली होती. पुढे आगगाड्या, मालमोटारी, शेतीचे पंप, सर्वत्र ते पोहोचले. त्याच्या धुराने हवा दूषित होते, हेही पुढे कळून आले, आणि आता त्याची जागा घेणारी साधने शोधली जात आहेत. म्हणजे पुन्हा कोणाला तरी जुना आकडा खोडून नवा मांडावा लागणारच आहे.

मुलांनो, वहीत उत्तर चुकले की ते खोडताना लाज वाटते. शेजारचा पाहील असे वाटते. त्या वेळी आउग्सबुर्गच्या कारखान्यात आपला अडीचशेचा आकडा खोडून तीस लिहिणाऱ्या ह्या मनुष्याची आठवण करावी. आणि पालकहो, घरावर संकट आले असता ते एकट्याने गिळून बसू नये, आपल्या माणसांस सांगावे, हाही धडा ह्याच चरित्रात आहे. यंत्र असो वा मनुष्य, आत साठलेल्या दाबाला सोसण्याची मर्यादा असते.