सावित्रीबाई फुले आणि रोग्यांची सेवा

नागपूरच्या इस्पितळांत रोग्यांस भेटावयास जाताना आम्ही पुष्कळदा पाहिले आहे की, नवी परिचारिका प्रथम जखमेकडे पाहते. जखम झालेल्या माणसाच्या मुखाकडे तिची दृष्टी पुढे हळूहळू वळते. रोग्याविषयीची ही कळकळ एका दिवसात उपजत नाही. ती कशी वाढते हे सावित्रीबाई फुले यांच्या चरित्रात चांगले दिसते. त्या ख्रिस्ती नव्हत्या. परंतु खेड्यातील आमच्या मंडळ्यांस हे चरित्र परके वाटू नये.

त्यांचा जन्म सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे ३ जानेवारी १८३१ रोजी झाला. जोतीरावांशी विवाह १८४० साली. अध्यापनाचे शिक्षण त्यांनी नगरास मिस फॅरार व पुण्यास मिसेस मिचेल या मिशनरी बाईंच्या शाळांत घेतले. १८४८ पासून त्या पुण्यात मुलींस शिकवू लागल्या तेव्हा लोकांनी त्यांच्या अंगावर शेण व दगड फेकले, हे वाचकांस ठाऊकच आहे.

१८६३ साली ह्या दांपत्याने आपल्या घरी फसलेल्या विधवांसाठी प्रसूतीची सोय केली. जिच्या वेदनांस शेजारी पापाचे फळ म्हणत, तिच्या उशाशी रात्र काढणे हे काम सावित्रीबाईंचे. १८७४ साली काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेस तेथे पुत्र झाला. त्यास त्यांनी दत्तक घेऊन यशवंत हे नाव ठेविले व पुढे डॉक्टर केले. १८८८ साली जोतीरावांस अर्धांगवायू झाला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचा अंत होईपर्यंत सावित्रीबाईंनी त्यांची शुश्रूषा केली. आमच्या मते परिचारिकेची खरी शाळा असे लांबलेले दुखणेच होय. थोड्या दिवसांच्या आजारात कोणीही गोड बोलतो.

१८९६ साली मुंबईत आलेला प्लेग पुढल्या वर्षी पुण्यात भडकला. उंदरांवरील पिसवांमुळे तो पसरतो हा शोध १८९८ सालचा. तेव्हा लोक नुसत्या स्पर्शाने कापत. सरकारी शिपाई घरे झडतीत, म्हणून आप्त रोग्यांस लपवीत. १९०२ च्या सुमारास नागपुरातही प्लेगने घरेच्या घरे ओस पाडली. आणि २०२० च्या करोनात शेजाऱ्यांची दारे कशी बंद झाली हे तर आपण स्वतःच पाहिले.

डॉक्टर यशवंतांनी पुण्याबाहेर हडपसरजवळ मोकळ्या माळावर दवाखाना उघडला. सासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई रोगी आणावयास स्वतः जात. मुंढव्याच्या महारवाड्यात गायकवाड कुटुंबातील एक मुलगा प्लेगने पडला आहे असे कळताच त्या तेथे गेल्या. अस्पृश्य म्हणून आधीच दूर ठेवलेले ते पोर, वर हा रोग! १८६८ साली ज्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला होता, त्यांस येथे थबकण्याचे कारण नव्हते. त्यांनी मुलास पाठीवर घेतले व दवाखान्यात आणिले.

मुलगा वाचला. सावित्रीबाईंस मात्र प्लेगने गाठले, आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले.