वेगळी चूल पेटती ठेवणारा प्राध्यापक

कल्याण स्थानकातून रेल्वेचे दोन फाटे निघतात. एक कर्जतमार्गे पुण्याकडे जातो, दुसरा कसाऱ्यामार्गे नाशिककडे. क्रिकेट खेळणाऱ्या कल्याण-डोंबिवलीच्या मुलाला मात्र या दोन्ही फाट्यांचा उपयोग नसतो. किट बॅग खांद्यावर टाकून पहाटेची लोकल पकडायची आणि मुंबईची मैदाने गाठायची, हाच त्याचा मार्ग. ठाणे, डोंबिवली, कल्याण ही शहरे क्रिकेटच्या नकाशावर मुंबईत मोडतात, तर पुणे, नाशिक, कोल्हापूर महाराष्ट्रात. राज्य एक, पण रणजी करंडकात उतरणारे संघ तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. डोंबिवलीत वाढलेल्या अजिंक्य रहाणेच्या नेतृत्वाखाली मुंबईने मार्च २०२४ मध्ये रणजी करंडक जिंकला, तेव्हा अंतिम सामन्यात समोर होता तो विदर्भच.

ही वाटणी १९३० च्या दशकातली. त्यातली पुण्याची वेगळी चूल नुसती मांडलेली न राहता पेटती राहिली, याचे मोठे श्रेय संस्कृतच्या एका प्राध्यापकाकडे जाते. त्यांचे नाव दिनकर बळवंत देवधर.

देवधरांचा जन्म १४ जानेवारी १८९२ रोजी पुण्यात झाला. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात युरोपियन आणि पारशी यांच्यातील वार्षिक सामन्यांना प्रारंभ झाला. देवधरांची उमेदीची वर्षे ज्या स्पर्धेत गेली, तिचे हे बीज. १९०७ मध्ये हिंदू संघ आल्याने ती तिरंगी झाली, १९१२ मध्ये मुस्लिम संघाच्या प्रवेशाने चौरंगी आणि १९३७ मध्ये उर्वरितांचा संघ धरून पंचरंगी. धर्माच्या आधारावर संघ पाडण्याची ही पद्धत आज विचित्र वाटते. पण त्या काळी मोठे क्रिकेट म्हणजे हेच होते. पुण्याच्या मुलाला नाव कमवायचे तर मुंबईच्या जिमखान्यांच्या नजरेत भरावे लागे आणि तेही हिंदू, पारशी वा मुसलमान म्हणून. देवधरही १९११ च्या हंगामात प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये आले ते हिंदू संघातूनच.

पोटापाण्यासाठी त्यांनी अध्यापनाचा पेशा पत्करला. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात ते संस्कृत शिकवीत. सकाळी वर्ग आणि संध्याकाळी मैदान, असा हा दुहेरी संसार त्यांनी वर्षानुवर्षे केला. संस्थानिकांच्या आश्रयाला राहून क्रिकेट खेळणाऱ्यांची त्या काळी कमतरता नव्हती. देवधरांच्या मागे मात्र कोणी महाराज नव्हता; होती ती महाविद्यालयाची नोकरी.

१९२६ च्या डिसेंबरात आर्थर गिलिगन यांचा एमसीसी संघ मुंबईत आला. महिन्याच्या आरंभी सी. के. नायडू यांनी हिंदू संघाकडून अकरा षटकारांसह १५३ धावा कुटल्या. त्या खेळीची आठवण आजही काढली जाते. त्यानंतर काही दिवसांतच अखिल भारतीय संघाकडून देवधरांनी त्याच पाहुण्यांविरुद्ध १४८ धावा केल्या, पण नायडूंच्या झंझावातापुढे ही खेळी काहीशी झाकोळली गेली. त्या दौऱ्यानंतर दोन वर्षांनी, १९२८ मध्ये क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले आणि १९३२ मध्ये भारताला पहिला कसोटी सामना मिळाला. इंग्लंडला गेलेल्या त्या संघात देवधर नव्हते. तेव्हा त्यांची चाळिशी पूर्ण झाली होती. पुढेही कसोटीची टोपी त्यांच्या नशिबी आली नाही.

इतर कोणी इथे बॅट खुंटीला टांगली असती. देवधरांच्या आयुष्यातला महत्त्वाचा अध्याय मात्र इथूनच सुरू होतो.

१९३४-३५ च्या हंगामात राष्ट्रीय अजिंक्यपदाची स्पर्धा सुरू झाली. पतियाळाच्या महाराजांनी दिलेल्या करंडकाला रणजितसिंहजींचे नाव मिळाले. तिची मांडणी चौरंगीहून अगदी निराळी होती. धर्म बाजूला ठेवून प्रांत आणि संस्थान या आधारावर संघ पाडण्यात आले, त्यांचे विभाग करण्यात आले आणि प्रत्येक विभागातून एकच संघ पुढे जाणार, असे ठरले. पश्चिम विभागात मुंबई होती, गुजरात आणि सिंध होते, पश्चिम भारताचा संघ होता. पुढे नवानगर आणि बडोदा यांची भर पडली. या गर्दीत पुण्याचे क्रिकेट महाराष्ट्र या नावाने स्वतंत्रपणे उतरले.

हा सौदा धोक्याचा होता. बाद पद्धतीमुळे मुंबई आणि महाराष्ट्र या शेजाऱ्यांपैकी एकाला विभागातच घरी जावे लागणार होते, आणि ते कोण याबद्दल फारशी शंका कोणाला नव्हती. मुंबईकडे जिमखाने होते, पेढ्यांचा पैसा होता, तिकीट काढून येणारा प्रेक्षक होता. नवानगर आणि बडोदा यांच्या पाठीशी राजकोष होता. पुण्याकडे काय होते? शाळा-महाविद्यालयांतली मुले आणि पन्नाशीकडे झुकलेला एक प्राध्यापक. पहिले दोन्ही करंडक मुंबईनेच नेले. नवानगरने तर १९३६-३७ मध्ये, म्हणजे पदार्पणाच्याच हंगामात बाजी मारली. मुंबईच्या पंखाखाली राहिलेले काय वाईट होते, असा प्रश्न पुण्यात कोणाच्या मनात आला असेल तर तो याच काळात.

उत्तर मिळायला १९३९-४० चा हंगाम उजाडावा लागला. देवधर कर्णधार होते. सांगलीच्या विजय हजारे यांनी पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. अंतिम सामन्यात संयुक्त प्रांताला दहा गडी राखून हरवून महाराष्ट्राने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला.

पुढच्या हंगामात मुंबईशी पुण्यातच गाठ पडली. वयाच्या पन्नाशीला टेकलेल्या देवधरांनी २४६ धावा केल्या आणि महाराष्ट्राचा डाव ६७५ पर्यंत गेला. मुंबई हार मानणारी नव्हती. खंडू रांगणेकर या तेवीस वर्षांच्या डावखुऱ्या फलंदाजाने २०२ धावा ठोकल्या आणि मुंबई ६५० पर्यंत येऊन पोहोचली. तेराशेहून अधिक धावांनंतर निकाल लागला तो पहिल्या डावातील अवघ्या २५ धावांच्या आघाडीवर. खरे पाहता पुण्याच्या त्या खेळपट्ट्यांवर गोलंदाजांची कीव यावी, अशीच परिस्थिती होती आणि पहिल्या डावाच्या आघाडीचा नियम खेळ रटाळ करणाराच होता. पण त्या २५ धावांनी पुणे पुढे गेले आणि मुंबई घरी राहिली, हे पश्चिम विभागाला विसरता आले नाही. मद्रासला जाऊन महाराष्ट्राने यजमानांना सहा गडी राखून हरवले. करंडक लागोपाठ दुसऱ्यांदा पुण्यात आला.

वेगळेपणाची किंमतही चुकवावी लागलीच. १९४१-४२ पासून हजारे बडोद्याकडून खेळू लागले. संस्थानच्या आश्रयाशी स्पर्धा करण्याची ऐपत पुण्याच्या संघटनेत नव्हती. त्याच हंगामात करंडक मुंबईने परत नेला. १९४३-४४ मध्ये तर विजय मर्चंट यांनी ब्रेबर्न स्टेडियमवर महाराष्ट्राविरुद्धच नाबाद ३५९ धावा करून जुना हिशेब व्याजासह चुकता केला. देवधर तरीही खेळत राहिले. वयाची बावन्न वर्षे उलटल्यावर १९४४-४५ मध्ये नवानगरविरुद्ध त्यांनी दोन्ही डावांत शतके झळकावली. या वयात कर्त्या फलंदाजाची जागा अडवून ठेवणे कितपत योग्य, असे कोणी विचारू शकेल. पण अशी शतके करणारा तरुण हाताशी असेल तरच त्या प्रश्नाला अर्थ.

संघांच्या मांडणीचे भांडण तिकडे मुंबईतही चालूच होते. १९३७ मध्ये नव्या ब्रेबर्न स्टेडियमवरील आसनांच्या वाटपावरून हिंदू जिमखान्याचे बिनसले आणि हिंदू संघ त्या वर्षी पंचरंगी सामन्यांबाहेर राहिला. पुढच्या वर्षी तो परतला. १९४० मध्ये महात्मा गांधींनी धर्मावर आधारलेल्या या सामन्यांविरुद्ध मत दिले, त्यानंतर वाद पेटतच गेला आणि १९४५-४६ च्या हंगामानंतर ही स्पर्धा कायमची बंद पडली. टिकली ती प्रांतवार मांडणी. धर्मावर उभ्या असलेल्या संघातून पुढे आलेल्या देवधरांनी या नव्या मांडणीला पुण्यात घर मिळवून दिले होते.

निवृत्तीनंतर त्यांनी महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे अध्यक्षपद भूषविले, नियामक मंडळाचे उपाध्यक्ष आणि राष्ट्रीय निवड समितीचे सदस्य म्हणूनही काम केले. तारा, सुंदर आणि सुमन या त्यांच्या कन्यांनी बॅडमिंटनमध्ये राष्ट्रीय पातळीवर नाव कमावले. १९६५ मध्ये त्यांना पद्मश्री आणि १९९१ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९९२ च्या जानेवारीत त्यांनी वयाची शंभर वर्षे पूर्ण केली. २४ ऑगस्ट १९९३ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

पुण्यात देवधरांसमोर द्विशतक ठोकणारे रांगणेकर १९४७-४८ मध्ये ऑस्ट्रेलियात भारताकडून तीन कसोटी खेळले. १९८४ मध्ये ठाण्यात त्यांचे निधन झाले. दादोजी कोंडदेव क्रीडागृहातील बॅडमिंटनच्या सभागृहाला त्यांचे नाव आहे.

१ मे १९६० रोजी मराठी भाषकांचे राज्य अस्तित्वात आले. मात्र क्रिकेटमधील तीन घरे तशीच राहिली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लोढा समितीचे एक राज्य, एक मत हे सूत्र मान्य केले, तेव्हा मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ यांना मताचा हक्क आळीपाळीने वापरण्याची वेळ आली होती. ९ ऑगस्ट २०१८ च्या आदेशाने तिघांचेही पूर्ण सदस्यत्व परत मिळाले.

देवधरांच्या हयातीतच, १९७३-७४ मध्ये, त्यांच्या नावाची मर्यादित षटकांची स्पर्धा सुरू झाली. देवधर करंडक हा विभागीय संघांचा. त्यात पुण्याचा आणि मुंबईचा खेळाडू पश्चिम विभाग या एकाच संघातून उतरत असे.