गणिती ऑयलर

कवठे महांकाळच्या अवर्षणग्रस्त भागात म्हैसाळ उपसा सिंचन योजनेद्वारे कृष्णेचे पाणी पोचते. पाणी नळांतून चढावर न्यायचे, तर त्याचा दाब व गती यांचे गणित आधी मांडावे लागते. या गणिताचा पाया घालणाऱ्या थोर पुरुषांत लिओनार्ड ऑयलर याची गणना होते.

ऑयलरचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेल नगरात झाला. त्याने धर्मोपदेशक व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. परंतु योहान बेर्नुली या विख्यात गणितज्ञाने त्याची असामान्य बुद्धी ओळखून वडिलांचे मन वळवले. पुढे रशियात संशोधन करीत असता ऐन तारुण्यातच त्याचा उजवा डोळा निकामी झाला.

१७४१ साली प्रशियाचा राजा फ्रेडरिक याच्या आमंत्रणावरून तो बर्लिनला गेला. राजाला आपल्या उद्यानात उंच कारंजे हवे होते. त्यासाठी टेकडीवरील हौदात पाणी चढवायचे होते. परंतु लाकडी नळ फुटू लागले. ऑयलरने दाबाचे गणित करून नळ अधिक मजबूत हवेत, असा इशारा दिला. तो कोणी मानला नाही. कारंजे फसले आणि राजाने दोष मात्र गणिताला दिला!

ऑयलर खचला नाही. पाण्याच्या प्रत्येक सूक्ष्म भागावर शेजारच्या पाण्याचा दाब व गुरुत्वाकर्षण यांचा परिणाम होऊन त्याची गती कशी बदलते, हे सांगणारी समीकरणे त्याने १७५७ मध्ये प्रसिद्ध केली. द्रवाच्या अंतर्गत घर्षणाचा विचार त्यांत नव्हता. ती उणीव एकोणिसाव्या शतकात नाव्हिए व स्टोक्स यांनी भरून काढली.

१७६६ मध्ये ऑयलर रशियाला परतला. पुढे दुसऱ्या डोळ्याचीही दृष्टी गेली. १७७१ मध्ये राहते घर आगीत भस्मसात झाले. तरीही तो मनातल्या मनात गणिते सोडवी व इतरांकडून लिहवून घेई. १८ सप्टेंबर १७८३ रोजी त्याचे निधन झाले. त्या दिवशीही तो आकडेमोडीत मग्न होता.

या समीकरणांची सर्वांगीण उकल हाताने करणे अशक्यप्राय होते. आज संगणक पाण्याचे असंख्य लहान भाग कल्पून क्षणाक्षणाची गती मोजतो. त्यामुळे पाण्याचा एक थेंबही न वापरता चित्रपटात खवळलेला समुद्र दाखवता येतो. पडद्यावरील त्या लाटा पाहताना प्रेक्षक थक्क होतात. त्यांमागे मात्र दृष्टी हरपल्यावरही न थांबलेल्या एका गणित्याची तपश्चर्या उभी आहे.