लुईस बुन्युएल : उघड्या डोळ्याचा कलावंत

(तृतीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी आमच्या चित्रपट मंडळाने एक जुना मूकपट दाखवला. पडद्यावर एक माणूस वस्तऱ्याला धार लावतो, सज्जात येऊन चंद्राकडे पाहतो. चंद्रावरून ढगाची एक पातळ पट्टी सरकते आणि पुढच्याच क्षणी तो वस्तरा एका स्त्रीच्या डोळ्यावरून फिरतो. सभागृहात कोणी किंचाळले, कोणी हसले. हसणाऱ्यांत मीही होतो. दिवे लागल्यावर मी आमच्या सरांना गाठले आणि विचारले की, याचा अर्थ काय? सरांनी उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या दिग्दर्शकाचे आत्मचरित्र माझ्या हाती ठेवले, एवढेच.

कला शाखेच्या विद्यार्थ्याला दोन प्रश्न जन्मभर पुरतात. याचा अर्थ काय, हा परीक्षेतला. आणि याचा उपयोग काय, हा घरातला. बी. ए. होऊन पुढे काय करणार, असे विचारणारे पाहुणे प्रत्येकाच्या घरी येतात, तसे ते माझ्याही घरी येतात. लुईस बुन्युएलचे आयुष्य वाचताना हे दोन्ही प्रश्न सतत माझ्या मनात होते. त्याची हकिकत मला जशी भिडली तशी येथे मांडतो.

बुन्युएलचा जन्म 22 फेब्रुवारी 1900 रोजी स्पेनमधील आरागॉन प्रांतातल्या कालांदा या गावी झाला. वडिलांनी क्यूबामध्ये व्यापार करून बक्कळ पैसा मिळवला होता. सात भावंडांत लुईस थोरला. कुटुंब लवकरच सारागोसा शहरात राहायला गेले. पण कालांदा काही सुटले नाही. त्या गावात गुड फ्रायडेच्या दुपारी बारा वाजल्यापासून दुसऱ्या दिवसाच्या दुपारपर्यंत शेकडो माणसे अखंड ढोल बडवतात. बडवणाऱ्यांच्या हातांतून रक्त येते. ढोलताशांच्या गजरात वाढलेल्या आपल्याला हे समजायला अवघड नाही. तो नाद बुन्युएलच्या कानांत असा बसला, की पुढे त्याच्या अनेक चित्रपटांत तो ऐकू येतो. विशेष म्हणजे म्हातारपणी हा माणूस जवळजवळ ठार बहिरा झाला होता.

शिक्षण जेझुइट पाद्र्यांच्या शाळेत झाले. पापाची भीती, शरीराविषयीचे कुतूहल आणि मृत्यूचा विचार या तिन्हींची शिदोरी त्याला तिथेच मिळाली. पुढे डार्विन वाचनात आला आणि श्रद्धा गळून पडली. पण सोडलेल्या धर्माने त्याला कधी सोडले नाही. त्याच्या चित्रपटांत साधू, जोगिणी, क्रूस आणि प्रार्थना यांची इतकी गर्दी आहे, की एखाद्या भाविकाच्या चित्रपटांतही ती नसेल.

1917 मध्ये तो माद्रिदला गेला आणि तिथल्या प्रसिद्ध विद्यार्थी निवासात राहू लागला. त्याची वाट मात्र सरळ नव्हती. वडिलांच्या इच्छेखातर आधी शेतकी अभियांत्रिकी, मग कीटकशास्त्र आणि अखेर इतिहास अशी वळणे घेत 1924 मध्ये तो पदवीधर झाला. आपल्याकडे अशा मुलाला धरसोड करणारा म्हणतात! पण मला वाटते, यातले काहीच वाया गेले नाही. कीटकांकडे पाहण्याची सवय त्याला आयुष्यभर पुरली. त्याचा एक चित्रपट तर चक्क विंचवांवरील शास्त्रीय माहितीपटाच्या दृश्यांनी सुरू होतो. माणसांकडेही त्याने त्याच नजरेने पाहिले. तिरस्कार न करता आणि गळा न काढता, हा जीव असा का वागतो, एवढेच तो बारकाईने न्याहाळत राहिला. याच निवासात त्याला दोन मित्र भेटले. एक कवी लोर्का आणि दुसरा चित्रकार साल्वादोर दाली.

1925 मध्ये तो पॅरिसला आला. तिथे फ्रिट्झ लांगचा एक चित्रपट पाहून त्याने ठरवले, की आपले काम हेच. झाँ एपस्टीन या दिग्दर्शकाच्या हाताखाली त्याने उमेदवारी केली. मग एके दिवशी त्याने आणि दालीने एकमेकांना आपापली स्वप्ने सांगितली. बुन्युएलला स्वप्नात डोळा कापणारा वस्तरा दिसला होता, तर दालीला मुंग्यांनी भरलेला तळहात. दोघांनी आठवड्याभरात पटकथा लिहिली. नियम एकच होता. ज्या प्रतिमेचे बुद्धीला स्पष्टीकरण देता येईल, ती बाद! पैसे आईने दिले आणि त्यांतले निम्मे चिरंजीवांनी रात्रीच्या मैफलींत उडवले. उरलेल्या पैशांत 1929 मध्ये 'अँडालुशियन कुत्रा' हा जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचा चित्रपट तयार झाला. आमच्या सभागृहात पाहिला तो हाच. डोळा अर्थात मेलेल्या वासराचा होता. पहिल्या खेळाच्या वेळी बुन्युएल पडद्यामागे उभा राहून ग्रामोफोनवर तबकड्या लावत होता. प्रेक्षक अंगावर आले तर असावेत म्हणून त्याने खिशात दगड भरून ठेवले होते. दगडांची गरज पडली नाही, टाळ्या पडल्या. पॅरिसच्या अतिवास्तववाद्यांनी त्याला आपल्यात सामावून घेतले.

हे वाचल्यावर माझा प्रश्न मलाच पोरका वाटू लागला. ज्या प्रतिमा अर्थ लागू नये म्हणून निवडल्या, त्यांचा अर्थ मी विचारत होतो. पण मग हा सारा पोरखेळच का? याचे उत्तर त्याच्या पुढच्या आयुष्यात मिळते.

1930 मध्ये 'सुवर्णयुग' आला. प्रतिष्ठित समाज आणि धर्मसंस्था यांच्यावर त्याने असा काही आसूड ओढला, की उजव्या गटांच्या तरुणांनी चित्रपटगृहात घुसून पडद्यावर शाई फेकली आणि बाहेर मांडलेली चित्रे फाडली. आठवड्याभरात पोलिसांनी बंदी घातली. ती उठायला 1981 साल उजाडावे लागले.

यानंतर त्याने काय करावे? स्वप्ने टाकून तो थेट स्पेनमधल्या लास उर्देस या डोंगराळ, कमालीच्या दरिद्री मुलुखात गेला. तिथल्या कित्येकांना पाव ठाऊक नव्हता. रामोन आसीन नावाच्या अराज्यवादी मित्राने पूर्वी शब्द दिला होता, की लॉटरी लागली तर तुझ्या चित्रपटाला पैसे देईन. लॉटरी खरोखरच लागली आणि त्याने शब्द पाळला! 1933 मध्ये 'भाकरीविना भूमी' हा लघुपट तयार झाला. बुन्युएलने तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर भिंग घेऊन संकलित केला. स्पेनच्या प्रजासत्ताक सरकारने त्यावरही बंदी आणली.

या लघुपटाविषयी एक गोष्ट लपवू नये. त्यात कड्यावरून एक बकरी कोसळते. असे अपघात तिथे होतात, असे निवेदक सांगतो. पण चौकटीच्या कडेला बंदुकीचा धूर दिसतो. बकरी पाडण्यात आली होती. सत्य दाखवण्यासाठी असत्याचा आधार घ्यावा का, यावर आमच्या मंडळात रात्री उशिरापर्यंत वाद झाला. मला ते दृश्य आजही पटत नाही. परंतु त्या मुलुखातल्या आजारी मुलांचे चेहरे मी विसरू शकत नाही, हेही तितकेच खरे.

1936 मध्ये स्पेनमध्ये यादवी पेटली. लोर्काला गोळी घातली गेली. लॉटरीचे पैसे देणाऱ्या आसीनलाही फ्रँकोच्या बाजूच्या लोकांनी ठार केले. बुन्युएल आधी पॅरिसमधून प्रजासत्ताकासाठी काम करीत राहिला आणि 1938 मध्ये अमेरिकेत गेला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्याला चित्रपट विभागात नोकरी मिळाली. पण 1942 मध्ये दालीचे आत्मचरित्र आले. आपला जुना मित्र नास्तिक आहे, हे त्यात छापलेले होते. गवगवा झाला आणि 1943 मध्ये बुन्युएलने राजीनामा दिला. मग हॉलिवूडमध्ये दुसऱ्यांच्या चित्रपटांना स्पॅनिश आवाज चढवण्याचे काम त्याने पोटासाठी केले.

येथे मी पुस्तक मिटून जरा वेळ बसलो. 1933 ते 1947 या चौदा वर्षांत, म्हणजे ऐन उमेदीच्या काळात, या माणसाच्या नावावर दिग्दर्शक म्हणून एकही चित्रपट लागला नाही. बायको, दोन मुले आणि परका देश. पॅरिसमध्ये गाजलेला तरुण जगाच्या विस्मरणात गेला होता. पाहुण्यांच्या प्रश्नाला त्या काळात त्याने काय उत्तर दिले असते?

1946 मध्ये तो मेक्सिकोत आला आणि तिथलाच झाला. 1949 मध्ये त्याने नागरिकत्वही घेतले. सुरुवातीला गाण्यांचा एक चित्रपट केला, तो पडला. मग एक विनोदी चित्रपट केला, तो चालला. हाती येईल ते काम कमी पैशांत आणि ठरल्या दिवसांत पुरे करायचे, ही शिस्त त्याने अंगी बाणवली. निर्मात्याचा विश्वास बसल्यावर मात्र तो जुने कपडे घालून अनेक महिने मेक्सिको शहराच्या झोपडपट्ट्यांतून हिंडला, सुधारगृहांतल्या मुलांची कागदपत्रे त्याने चाळली. त्यातून 1950 मध्ये 'लोस ओल्विदादोस', म्हणजे विसरले गेलेले, हा चित्रपट आला.

या चित्रपटात पेद्रो नावाचा भुकेला मुलगा आहे. आई त्याला जेवू घालत नाही. एका रात्री त्याला स्वप्न पडते. आई संथपणे, तरंगत आल्यासारखी येते आणि त्याच्यापुढे कच्च्या मांसाचा लोंबता तुकडा धरते. तेवढ्यात पलंगाखालून एक हात येऊन तो हिसकावून घेतो. हे दृश्य पाहताना मी हसलो नाही. याचा अर्थ काय, असे विचारावेसेही मला वाटले नाही. भुकेल्या मुलाला स्वप्नेसुद्धा भुकेचीच पडतात, हे कोणी समजावून सांगायला नको. अतिवास्तववाद म्हणजे वास्तवापासून पळणे, अशी माझी समजूत होती. ती त्या रात्री गेली. वास्तवाचा जो भाग दिवसा दिसत नाही, तोही मोजायला हवा, एवढाच त्याचा आग्रह होता.

मेक्सिकोत या चित्रपटाने संताप उसळला. चित्रण चालू असतानाच केशभूषा करणाऱ्या बाईंनी काम सोडले होते. कोणतीही मेक्सिकन आई मुलाशी अशी वागणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. चित्रपटगृहातून तो काही दिवसांतच उतरला. पण 1951 मध्ये कान महोत्सवात उत्कृष्ट दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले आणि विसरला गेलेला बुन्युएल जगाला पुन्हा सापडला. 2003 मध्ये युनेस्कोने हा चित्रपट जागतिक स्मृतीच्या यादीत नोंदवला.

सौंदर्याचा त्याला मोह नव्हता. त्याचा छायालेखक गाब्रिएल फिगेरोआ ढग आणि डोंगर टिपण्यात निष्णात. 'नाझारीन'च्या वेळी त्याने एक देखणी चौकट जुळवली, तेव्हा बुन्युएलने कॅमेरा फिरवून साध्यासुध्या देखाव्याकडे वळवला, अशी कथा सांगतात. 1959 च्या या चित्रपटात ख्रिस्ताच्या शब्दाप्रमाणे अक्षरशः जगू पाहणारा पाद्री आहे आणि शेवटी वाजतात ते कालांद्याचे ढोल.

1961 मध्ये त्याने फ्रँकोच्या स्पेनमध्ये जाऊन 'विरिदियाना' केला. मूळ शेवटी नायिका, जी जोगीण व्हायला निघाली होती, रात्री चुलतभावाच्या खोलीचे दार ठोठावून आत जाते. परीक्षकांनी हरकत घेतली. बुन्युएलने ऐकले आणि बदल केला. नव्या शेवटी ती, तो आणि घरातली मोलकरीण तिघे मिळून पत्ते खेळत बसतात. परीक्षकांना हे निरुपद्रवी वाटले. प्रत्यक्षात ते आधीपेक्षा कितीतरी धीट होते! कान महोत्सवाचा सर्वोच्च सन्मान या चित्रपटाला विभागून मिळाला. व्हॅटिकनच्या दैनिकाने निषेध केला, पारितोषिक स्वीकारणाऱ्या स्पॅनिश अधिकाऱ्याची नोकरी गेली आणि 1977 पर्यंत स्पेनमध्ये चित्रपट दिसला नाही.

पुढे यशाचा काळ आला. 1962 च्या 'संहारक देवदूत'मध्ये श्रीमंत पाहुणे जेवणानंतर दिवाणखान्यातून बाहेर पडू शकत नाहीत. दार उघडे असते, तरीही! 1972 च्या 'भद्रलोकांचे विवेकी आकर्षण'मध्ये उलट प्रकार. सहा प्रतिष्ठित माणसे जेवायला बसू पाहतात आणि दरवेळी काहीतरी आडवे येते. याला ऑस्कर मिळाले. सोहळ्याला बुन्युएल गेला नाही. पटकथाकार झाँ-क्लोद कारिएर याच्याबरोबर केलेल्या या उत्तरार्धातल्या चित्रपटांत आरडाओरड नाही. कॅमेरा शांत, माणसे सभ्य, आणि मध्येच पायाखालची जमीन सरकते.

माणूस म्हणून तो निर्दोष नव्हता. पत्नी जान हिने 1990 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत संशयी, हुकमत गाजवणारा नवरा दिसतो. तिचा आवडता पियानो त्याने तिला न विचारता एका सौद्यात देऊन टाकला, आणि पुस्तकाच्या नावात तिने तो पियानोच ठेवला आहे. मत्सरी नवऱ्यावर 1953 मध्ये 'एल'सारखा चित्रपट करणाऱ्याला स्वतःच्या घरात मात्र दिसले नाही, याची खंत वाटते.

1977 मध्ये सत्त्याहत्तराव्या वर्षी त्याने शेवटचा चित्रपट केला. 29 जुलै 1983 रोजी मेक्सिको शहरात त्याचे निधन झाले. बत्तीस चित्रपट त्याच्या नावावर आहेत; त्यांतले बहुतेक त्या चौदा रिकाम्या वर्षांनंतरचे. घरच्या प्रश्नाला यातून तयार उत्तर मिळत नाही. पण रिकामे दिसणारे वर्ष रिकामेच असते असे नाही, एवढे मी आता पाहुण्यांना न सांगता स्वतःला सांगतो.

आणि परीक्षेतला प्रश्न? त्याने चित्रित केलेले अगदी शेवटचे दृश्य असे आहे: दुकानाच्या काचेमागे एक स्त्री रक्ताचे डाग पडलेल्या लेसच्या वस्त्राला पडलेले भोक सुईदोऱ्याने सावकाश शिवते आहे. पहिल्या चित्रपटात वस्तऱ्याने चिरलेला डोळा, शेवटच्यात शिवले जाणारे वस्त्र. या दोहोंची गाठ मारून देण्याचा मोह मला फार होतो. परंतु ते दृश्य आपल्याला का हेलावते हे स्वतः बुन्युएललाही सांगता आले नव्हते आणि त्याने तसे लिहूनही ठेवले. मंडळात तो चित्रपट पाहिला तेव्हा दिवे लागल्यावर मी सरांकडे गेलो नाही. थोडा वेळ तसाच बसून राहिलो.