बियाण्याचा राखणदार : निकोलाय वाव्हिलोव्ह

यंदाच्या स्मरणिकेसाठी मी एका रशियन शास्त्रज्ञाचे चरित्र निवडले, तेव्हा काही भगिनींनी विचारले, याचा आपल्या संसाराशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो थेट आपल्या कोठीघराशी आहे.

निकोलाय वाव्हिलोव्ह यांचा जन्म १८८७ साली मॉस्को येथे झाला. वडील शेतकरी कुळातून वर आलेले व्यापारी. त्या काळी रशियात पीक बुडाले की माणसे अन्नान्न करून मरत. शेतीचे शास्त्र शिकून ही उपासमार थांबवावी, हा ध्यास या तरुणाने घेतला.

त्यांचा विचार साधा होता. सगळीकडे एकाच वाणाचा गहू पेरला आणि त्यावर तांबेरा पडला, तर सारेच पीक जाते. परंतु जेथे एखादे पीक मुळात उपजले, तेथे त्याचे नाना वाण सापडतात. कोणी थंडी सोसतो, कोणी अवर्षण, तर कोणी रोग. पुढच्या पिढ्यांचे अन्न या वाणांत आहे, हे ओळखून ते १९१६ साली इराण व पामीरकडे निघाले. पुढे अफगाणिस्तान, इथिओपिया, चीन, जपान, मेक्सिको, दक्षिण अमेरिका अशी त्यांची भ्रमंती झाली. शेतांतून, बाजारांतून ते मूठमूठ बी गोळा करीत. १९२६ साली त्यांनी पिकांच्या मूलस्थानांविषयी ग्रंथ प्रसिद्ध केला. भात, वांगे, आंबा यांचे माहेर म्हणून आपल्या देशाची गणना त्यांनी केली आहे.

लेनिनग्राडच्या त्यांच्या संस्थेत सुमारे अडीच लक्ष नमुने जमले. बी नुसते डब्यात ठेवून भागत नाही, त्याची उगवण कमी होते. म्हणून ते ठराविक काळाने पेरून नवे बी धरावे लागे. त्यांच्या पत्नी येलेना बारुलिना याही शास्त्रज्ञ होत्या. मसुरीवर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला.

पुढे लिसेंको नावाच्या गृहस्थाने झटपट पीक वाढविण्याची आश्वासने देऊन स्टॅलिनची मर्जी संपादन केली आणि आनुवंशशास्त्रच खोटे ठरविले. वाव्हिलोव्ह यांनी सत्य सोडले नाही. ऑगस्ट १९४० मध्ये युक्रेनमध्ये वनस्पती गोळा करीत असतानाच त्यांना अटक झाली. आधी देहान्ताची, मग वीस वर्षांच्या कैदेची शिक्षा झाली.

इकडे सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मन सैन्याने लेनिनग्राडला वेढा घातला. तो जानेवारी १९४४ पर्यंत चालला. शहरात लाखो माणसे भुकेने मेली. संस्थेतील सहकारी मात्र थंडीत, उंदरांपासून बियाणे राखीत बसले. भाताचे नमुने सांभाळणारे इवानोव्ह तांदळाच्या हजारो पुड्यांमध्ये उपाशी मेले. भुईमुगाचे श्चुकिन टेबलाशीच गेले. आणखीही कित्येक गेले, पण पेरणीचे बी कोणी शिजवले नाही.

हे वाचताना मला माझी आजी आठवली. राख लावलेले वालाचे, दोडक्याचे बी ती मडक्यात तोंड बांधून ठेवी. टंचाईच्या साली घरात एक वेळ चूल पेटे, पण त्या मडक्याला हात लागला नाही. तिला लेनिनग्राड ठाऊक नव्हते. बियाणे खाल्ले तर पुढच्या साली काय, एवढे मात्र ठाऊक होते.

आणि वाव्हिलोव्ह? २६ जानेवारी १९४३ रोजी सारातोव्हच्या तुरुंगात उपासमारीने त्यांचा अंत झाला. येलेनाबाई तेव्हा मुलासह त्याच शहरात राहत होत्या. पती जवळच आहे याची त्यांना वार्ताही नव्हती. पोटाला चिमटा घेऊन त्या शिध्याची पुडकी मॉस्कोला पाठवीत राहिल्या. १९५५ साली सरकारने वाव्हिलोव्ह यांना निर्दोष ठरविले. आज ती संस्था त्यांचेच नाव मिरविते, आणि तेथील बियाण्यांतून नवे वाण निपजत असतात.

आता संकरित बियाणे दरसाल विकत आणावे लागते. ते घरी धरले तर पुढचे पीक तसेच येत नाही. त्यामुळे घरोघरची मडकी रिकामी झाली. भगिनींनो, माहेरी वा सासरी एखादा जुना वाण अजून कोणाकडे असेल, तर त्याचे मूठभर बी मागून आणा, परसात लावा, आणि एक वेल बियाण्यासाठी राखून ठेवा. शेजारणीलाही द्या. एकीकडचे गेले तरी दुसरीकडे राहील.