कर्णबधिरांचे शिक्षक : अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल

दूरध्वनीचे जनक म्हणून अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचे नाव प्रत्येक विद्यार्थ्याच्या पाठ्यपुस्तकात येते आणि तेथेच थांबते. बेल स्वतः मात्र आपला व्यवसाय कर्णबधिरांचा शिक्षक असा सांगत. तो विनय नव्हता. दूरध्वनीवर त्यांनी आयुष्यातील मोजकी वर्षे खर्च केली. कर्णबधिरांचे शिक्षण त्यांनी एकविसाव्या वर्षी हाती घेतले आणि अखेरपर्यंत सोडले नाही. त्यांच्या हातून घडलेले मोठे हितही याच क्षेत्रातले आणि ज्याबद्दल त्यांना आजही दोष दिला जातो ते अहितही याच क्षेत्रातले.

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे झाला. आजोबा आणि वडील दोघेही वाणीचे शिक्षक. शुद्ध उच्चार, वक्तृत्व, तोतरेपणावरील उपाय हा घरचा व्यवसाय. अशा घरात आई एलायझा यांना मात्र फारच थोडे ऐकू येत असे. इतर मंडळी त्यांच्या कर्णनलिकेत मोठ्याने बोलत. धाकटा अलेक्झांडर आईच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खालच्या, स्थिर स्वरात बोले आणि तो तिला समजे. घरात चाललेले संभाषण तो बोटांच्या खुणांनी अक्षर-अक्षर करून तिला कळवीत असे. त्याच आईने त्याला पियानो शिकविला.

वडील मेलव्हिल बेल यांनी १८६७ मध्ये ‘दृश्य वाणी’ नावाची लिपी प्रसिद्ध केली. जीभ, ओठ, कंठ यांची उच्चाराच्या वेळी जी स्थिती असते ती चिन्हातच दाखवावयाची, म्हणजे कोणत्याही भाषेतील ध्वनी चिन्ह पाहून उच्चारता येईल, अशी ती योजना होती. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य असे वर्ग लहानपणीच पाठ केलेल्या आपल्या वाचकांना या कल्पनेचे विशेष आश्चर्य वाटणार नाही. युरोपात ते मोठे वाटले. जो ध्वनी कानाने ऐकता येत नाही तो डोळ्यांनी पाहून काढता येईल काय, हा प्रश्न मुलाने विचारला, आणि १८६८ मध्ये लंडनच्या एका खाजगी शाळेत कर्णबधिर मुलींना शिकवून तो पडताळून पाहिला. मुली बोलू लागल्या.

याच सुमारास घरावर आघात झाले. क्षयाने १८६७ मध्ये धाकटा भाऊ आणि १८७० मध्ये थोरला भाऊ गेला. उरलेला एकुलता मुलगा वाचावा म्हणून आईवडिलांनी सर्व आवरून कॅनडातील ब्रँटफर्ड गाठले. तेथून १८७१ मध्ये बेल बॉस्टनला आले ते कर्णबधिरांच्या शाळेतील शिक्षकांना दृश्य वाणी शिकविण्यासाठी.

वाणी, श्रवण आणि अध्ययनातील अडचणी यांचा पदव्युत्तर अभ्यास ही आज रूढ गोष्ट आहे. तेव्हा असा विषय कोणत्याही विद्यापीठात नव्हता. वाणीची शरीररचना आणि यांत्रिकी शिकविण्यासाठी बेल यांनी १८७२ मध्ये बॉस्टनमध्ये स्वतःचा वर्ग काढला. पुढील वर्षी बॉस्टन विद्यापीठाने त्यांना वाणी-शरीरशास्त्राचे प्राध्यापक नेमले. शिकविणाऱ्यांनाच आधी शास्त्र शिकवावे, ही त्यांची धारणा होती. त्याच काळात जॉर्ज सँडर्स हा जन्मतः कर्णबधिर असलेला पाच वर्षांचा मुलगा त्यांच्याकडे आला. त्याच्यासाठी बेल यांनी एका हातमोज्यावर सर्व अक्षरे लिहिली. शिक्षकाने एकेका अक्षराला स्पर्श करावा आणि मुलाने शब्द ओळखावा, असा तो खेळ होता.

जॉर्जचे वडील पुढे बेल यांच्या प्रयोगांचे आश्रयदाते झाले. त्या प्रयोगांचा उगमही वर्गातच होता. आपला उच्चार कसा निघाला हे कर्णबधिर मुलाला दिसावे, म्हणून आवाजाची रेघ उमटविणारे यंत्र बेल यांना हवे होते. १८७४ च्या उन्हाळ्यात त्यांनी एका मृत माणसाचा कान मिळवून त्याच्या अस्थींना गवताची काडी जोडली आणि काजळी धरलेल्या काचेवर स्वरांच्या लहरी उमटविल्या. इतका पातळ पडदा एवढी हाडे हलवितो, तर मोठा पडदा लोखंडाचा तुकडा का हलविणार नाही? या विचारातून दूरध्वनी जन्मला. त्याचे एकस्व ७ मार्च १८७६ रोजी मिळाले आणि तीनच दिवसांनी यंत्रातून पहिले वाक्य ऐकू गेले.

दुसरे आश्रयदाते गार्डिनर हबर्ड. त्यांची कन्या मेबल हिची श्रवणशक्ती पाचव्या वर्षी लालज्वराने गेली होती. ती बेल यांची विद्यार्थिनी होती आणि ११ जुलै १८७७ रोजी पत्नी झाली. दूरध्वनी कंपनीतील आपले दहा वगळता सर्व समभाग बेल यांनी तिला विवाहाची भेट म्हणून दिले. त्या यंत्रावर मेबलला कधीच बोलणे ऐकता आले नाही.

कीर्ती आणि पैसा आल्यावरही बेल शिक्षकच राहिले. श्रवण मोजण्याचे यंत्र त्यांनी तयार केले आणि शाळांतील मुले तपासून पाहिली; ‘मंद’ म्हणून मागच्या बाकावर बसविलेली काही मुले केवळ नीट ऐकू येत नसल्याने मागे पडली आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले. १८८६ मध्ये एक गृहस्थ सहा वर्षांच्या अंध आणि बधिर मुलीला घेऊन वॉशिंग्टनला त्यांच्याकडे आले. ती हेलन केलर. बेल यांनी दाखविलेल्या वाटेनेच ॲन सुलिव्हन ही शिक्षिका तिला मिळाली. हेलन यांनी आपले आत्मचरित्र पुढे बेल यांनाच अर्पण केले.

परंतु याच माणसाने १८८३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीपुढे एक निबंध वाचला. कर्णबधिर एकत्र शिकतात, खुणांची भाषा बोलतात, आपसांत विवाह करतात. यातून कर्णबधिरांचा निराळा मानववंश तयार होईल, अशी भीती त्यात होती. विवाहबंदीचा कायदा त्यांनी मागितला नाही. पण निवासी शाळा, खुणांची भाषा आणि कर्णबधिर शिक्षक नकोत, असे सुचविले. ही भीती निराधार होती. कर्णबधिर दांपत्यांची बहुतांश मुले ऐकणारी असतात, हे दाखविणारा ई. ए. फे यांचा ग्रंथ १८९८ मध्ये बेल यांनीच स्थापन केलेल्या व्होल्टा ब्यूरोने प्रसिद्ध केला.

त्यांचे प्रतिस्पर्धी होते वॉशिंग्टनच्या कर्णबधिर महाविद्यालयाचे प्रमुख एडवर्ड माइनर गॅलॉडेट. त्यांची आईही कर्णबधिर, पण जन्मतः. तिची भाषा खुणांचीच. बेल यांची आई आणि पत्नी दोघींनाही बोलणे आल्यावर बहिरेपण आले होते. दोघांच्या मतभेदाचे मूळ बहुधा या दोन घरांत असावे. १८९१ मध्ये गॅलॉडेट यांनी पदवीधरांसाठी शिक्षक-प्रशिक्षणाचा विभाग काढण्याकरिता अमेरिकी काँग्रेसकडे निधी मागितला. कर्णबधिर व्यक्ती शिक्षक होतील म्हणून बेल यांनी जाहीर विरोध केला. विभाग तरीही सुरू झाला, पण ऐकणाऱ्या पदवीधरांसाठीच. ज्यांच्यासाठी विद्या, त्यांनाच वर्गाबाहेर ठेवून या उच्च शिक्षणाचा आरंभ झाला, असे म्हणावे लागते.

पुढील कित्येक दशके अमेरिकेतील शाळांत मुलांना खुणा करण्याची मनाई राहिली. ओठ वाचण्यात दिवस जाई आणि गणित-इतिहास मागे राही. घरची भाषा एक आणि बाहेरची दुसरी, अशा परिस्थितीत मुले वाढविणाऱ्या पालकांना या मुलांची कोंडी वेगळी समजावून सांगावयास नको. खुणांची भाषा ही व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे, हे विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये दाखविले, आणि मग वारे फिरू लागले.

भारतात म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था १९६५ मध्ये स्थापन झाली. तेथील विद्यार्थी श्रवणालेख काढताना ज्या डेसिबलमध्ये मोजतात, त्यातील ‘बेल’ याच बेल यांच्या नावावरून आला आहे.

बेल यांचे निधन २ ऑगस्ट १९२२ रोजी नोव्हा स्कोशियातील आपल्या डोंगरावरील घरी झाले. मेबल यांनी सोडून जाऊ नका असे विनविले, तेव्हा बोलण्याचे त्राण नसलेल्या बेल यांनी तिच्या हातावर बोटांच्या खुणेने नकार दिला, असे सांगतात. ४ ऑगस्टला दफनाच्या वेळी उत्तर अमेरिकेतील दूरध्वनी एक मिनिट बंद ठेवण्यात आले. मेबल त्यांच्यामागे पाचच महिने जगल्या.